पट्टी काळी होईना

चहाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एकीच्या नवऱ्याचं वर ऑपरेशन चाललं होतं. दुसरी हिरव्या टोपीतली, ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणारी.

"तासभर उशीर! आमचे हे उपाशी ताटकळले. ज्याच्यामुळे झालं, त्या मेल्याला चांगला धुतला पाहिजे."

"अहो, आज काय झालं सांगू? हत्यारांच्या गठ्ठ्यावर एक पट्टी असते. वाफ पुरेशी लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. आज झाल्याच नाहीत!"

"मग?"

"गठ्ठा अडवला मी! मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. ते लालबुंद झाले, पण पट्टी काही काळी होईना!"

"अगं बाई! मग?"

"म्हटलं, ओरडा खुशाल. गठ्ठा पुन्हा वाफेत जाणार, चांगला तासभर!"

"शाबास! अस्संच पाहिजे! कोणाचा होता हो गठ्ठा?"

"नाव नसतं त्यावर. तीन नंबरच्या थिएटरचा."

"तीन? आमचे हे तिथेच आहेत!"

"म्हणजे मघाशी धुवायला निघालात, ती मेली मीच."

"...रेघा झाल्या ना मग काळ्या?"

"कुळकुळीत!"

"दादा, दोन चहा. आधी ह्यांना द्या."