नाक धूसर, कान स्पष्ट

...नाही नाही, तुम्हीच सांगा, फोटोत माझ्या आईचा चेहरा धूसर आणि तिच्या मागची वेताची खुर्ची मात्र अशी स्पष्ट की वीण मोजून घ्या, यात माझा काय दोष? एखादा फोटो तसा आला असता तर म्हटलं असतं, जाऊ दे. सगळेच तसे. नाक धूसर, कान स्पष्ट. मी तक्रार करत नाहीये हं, फक्त सांगतोय.

त्याचं काय झालं, माझ्या पुतणीचं लग्न ठरलं, आणि लग्नानंतर ती जाणार पार परदेशात. मला म्हणाली, "काका, आजीचा एक फोटो काढून द्या ना, तिकडे भिंतीवर लावायला. तिचे डोळे दिसले पाहिजेत." आई नुकती आजारातून उठलेली. "आधी मला माणसात तर येऊ दे," म्हणाली, पण नातीसाठी बसली बिचारी. मी फोटो काढले, पुतणीने बघितले आणि म्हणाली, "छान आहेत." कसं म्हणाली? भाजी खारट झाल्यावर पाहुणे म्हणतात ना... तसं.

मग सल्ले सुरू. बायको म्हणाली, "तुमचा नंबर वाढलाय. डोळे तपासून घ्या." अहो, फोकस कॅमेरा लावतो, मी नुसतं बटण दाबतो. माझा थोरला भाऊ, म्हणजे पुतणीचा बाप, तो खर्जातच बोलतो, "नाचता येईना..." आणि पुढचं अंगण माझ्यावर सोडलं. दुकानदाराकडे गेलो, तर त्याने कॅमेरा हातात न घेताच निदान केलं, "हात हलला असेल साहेब." म्हणजे कुणाच्या मते माझे डोळे गेले, कुणाच्या मते हात गेले, कॅमेरा तेवढा ठणठणीत. तक्रार नाही माझी, सांगतोय फक्त.

मग मी पेटलो. जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. एका टोकाला स्टँडवर कॅमेरा, म्हणजे हाताचा प्रश्न मिटला. दुसऱ्या टोकाला आईच्या गोळ्यांचा खोका, अक्षरं कॅमेऱ्याकडे करून उभा. त्याच्या शेजारी मोजपट्टी तिरकी टेकवली, एक टोक खाली कॅमेऱ्याकडे, दुसरं वर, मागे. गंमत साधी आहे. फोकस लावायचा खोक्यावर, आणि बघायचं पट्टीवरचे कुठले आकडे स्पष्ट येतात. खोक्याच्या रांगेतले आले तर कॅमेरा साव आणि मी चोर.

फोटो मोठा करून बघतो तर काय... खोका धूसर आणि त्याच्या मागचे आकडे लखलखीत!

"मागे बघतोय!" मी ओरडलो.

आतून बायको, "कोण?"

"कॅमेरा. मी नाही."

"बरं. त्याचं मागे बघून झालं असेल तर टेबल रिकामं करा."

तेवढ्यात आई आली. "माझ्या गोळ्या दे."

"खोका हलवू नकोस, तपासणी चालू आहे."

"माझी की त्याची?"

मग शोधाशोध. कॅमेऱ्याच्या मेनूत, सेटिंगच्या पोटात आणखी सेटिंग, तिथे सापडली एक रेघ. मध्ये शून्य, इकडे उणे, तिकडे अधिक. फोकस मागे पडतोय ना? मग उणे करायचं, तो पुढे सरकतो. केलं. जास्त झालं, आता खोक्याच्या पुढचे आकडे स्पष्ट. जरा परत. पुन्हा फोटो. मीठ घालतात तसं, चिमटीचिमटीनं... तोवर घरातले सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवून उठले. आणि शेवटी खोक्यावरचं ते मुंगीएवढं 'लहान मुलांपासून दूर ठेवा' असं कोरल्यासारखं आलं. मी ते बायकोला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. चष्मा काढून. ती म्हणाली, "मग ठेवा ना दूर, माझं टेबल मोकळं होईल." तक्रार नाही, सांगतोय.

दुसऱ्या दिवशी आईला खिडकीशी बसवलं. पुतणी माझ्या शेजारी उभी राहून तिच्याशी बोलत होती.

"तिकडे थंडी फार म्हणे. स्वेटर घे."

"घेते गं आजी."

"जाड घे. नाहीतर घेशील भोकाभोकांचा."

आणि आई हसली, आधी डोळ्यांतून, मग ओठांतून, आणि मी बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला... पापणी न् पापणी. बुबुळात खिडकीचा उजेड. पुतणी माझा दंड धरून नुसती उभी राहिली. दादाने फोटो बघून खर्जात "हं" केलं. आमच्या घरात याच्याहून मोठा पुरस्कार नाही.

फ्रेम करून आईच्या हातात दिली. आईनं लांब धरली, जवळ धरली.

"या कधी आल्या?"

"कोण?"

"माझ्या सासूबाई. हुबेहूब. तेच कपाळ, तोच ओठ... जन्मभर यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणून जपले रे मी."

"आई, अगं तूच आहेस ती."

"मला सांगतोस? त्यांच्या हाताखाली संसार केलाय मी."

आता फोटो पुतणीबरोबर परदेशात गेला, एक प्रत इथं भिंतीवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला आई स्वतः उठून दाखवते, तोंडभरून कौतुकही करते, "फार सुरेख फोटो काढलाय हो माझ्या मुलानं. फक्त माझा नाही."