कोंबड्या वाहणारी घोडी

माझं माहेर मढ गावाकडचं, मेंढरामागं फिरणारं. आमचं घर म्हंजी घोड्याची पाठ, त्यावर वाकळा, भांडी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या अन् पिशवीतनं मुंडकं काढून बसलेलं कोकरू, अन् दोर धरून पुढं मी, काय सांगू तुमाला, चालायला शिकले ती त्या दोरालाच धरून. लगीन होऊन इकडं घोडेगावच्या बाजूला आले तर शेती व्हती, थोडी मेंढरं व्हती, घोडं न्हाई. लई वर्षं हाताला चुकल्यासारखं व्हायचं.

मग माझ्या भिवानं, थोरल्या लेकानं, बाजारातनं घोडीचं शिंगरू आणलं. आमच्याकडं जत्रंला घाटात, म्हंजी शर्यतीच्या चढावर, बैलगाडा पळतो ना, त्याच्या पुढं घोडी पळवत्यात, तिला बघून बैल जोर धरत्यात, त्यासाठी. नाव मी ठेवलं, मैना. लई बुजरी, पातेलं पडलं तरी दावं तोडायची. भिवाला घाई, त्यानं आसूड काढला, मी तो घेतला अन् चुलीत घातला. म्हणलं, मारून पळवशील रे, थांबवशील कशानं. तो फुगला. म्हणला, आये, जत्रंला न्हाई पळाली तर वरातवाल्याला देणार, तो काटेरी लगाम लावून बँडपुढं नाचवील तिला. मी म्हणलं, मी जित्ती हाय तवर न्हाई.

अन् धरली आमची रीत. आधी नुसती वाकळ पाठीवर, अन् एकच हाक, हो मैना, थांबली की मानंवरनं हात. रोज तेच, पावणं येवो की पाऊस येवो. मग रिकामी पातेली, खडखड करणारी. मग कोंबड्या. आवघं गाव हसलं, शर्यतीची घोडी हाय का अंडी इकायला चाललीय म्हणायचं. म्हणलं हसा, माझं काय जातंय. आता तुमीच सांगा भाऊ, ज्या पाठीवर कोंबडी फडफडली त्या पाठीला जत्रंतल्या हलगीचं काय भ्या.

शिंगराची घोडी झाली, अन् जत्रा आली. बायांनी टेकाडावर बसायचं, घाटात उतरायचं न्हाई, असला रिवाज. मी उतरले, शर्यत संपती त्या निशाणाच्या पल्याड, घोड्या आवरायच्या जागी. एक जण आडवा आला, आजी, बाईमाणसानं हितं थांबू नये म्हणला. म्हणलं, पुढं पळती ती घोडीबी बाईच हाय, आधी तिला काढ बाहेर. तो बाजूला सरला.

गाडा सुटला, पुढं मैना, वर भिवा, मागं बैल अन् धुरळा. निशाण ओलांडलं अन् लगामाचा पट्टा तुटला. घोडी सुसाट, समोर माणसं, लेकरं, भिवा मानंला मिठी मारून.  मी हाक मारली, चुलीपुढं मारावी तशीच, हो मैना. ती वळली, बैलांच्या वाटंतनं बाजूला झाली, अन् माझ्यापुढं येऊन थांबली. मी मानंवरनं हात फिरवला. भिवा उतरला, तुटका पट्टा काढून हातात घेतला. वरातवाल्याचं नाव परत काढलं न्हाई त्यानं.

आता गाडामालक शिंगरं शिकवायला घेऊन येत्यात. मी म्हणते, आसूड बाहेर ठेवा. म्हणत्यात, म्हातारे, तुझं काम लई सावकाश. म्हणते, घाई असंल तर मोटारसायकल घ्या की. ती बघा मैना, पाठीवर कोंबडी बसलीय, आपली आपण, कोणी बांधली न्हाई. देवानं तिचं पाय धड ठेवावं अन् माझा आवाज, मग बघते तिला कोण नाचवतंय.