कॉलरचा माईक

तामसीहून आदिलाबादला निघालेल्या बसमध्ये मीनलच्या पुढच्या सीटवर एक भाजीवालं जोडपं बसलं होतं. बाई मिरची-वांग्याच्या लागवडीचे व्हिडिओ मोबाईलवर काढायच्या, आणि आज दोघं कॅमेरा घ्यायला निघाली होती, हे मीनलला तिकीट काढेपर्यंतच कळून चुकलं होतं.

“मोठाच घेऊ,” नवरा म्हणाला. “पानावरची माव्याची कीडसुद्दा दिसते त्यात.”

“मोबाईलात बी दिसतेच की.”

“तुले काय समजते त्यातलं? परवा व्हिडिओत मी मागून बोललो म्हणून बरं. नाही तं पानी किती द्याचं, ते राह्यलंच असतं.”

“तेच सांगून राह्यली व्हती मी.”

“मंग, मीच पुरं केलं ना!”

“अवो, त्या लहान कॅमेऱ्याचं काय सांगत व्हता दुकानदार?”

“त्याच्यासंगं कॉलरले लावाचा माईक भेटते. ज्यानं लावला त्याचाच आवाज घेते.”

“मागून कोनी बोललं तं?”

“अजिबात येत नाही.”

“मंग तोच घ्या.”

“पाह्य! मी समजावून सांगतलं की कसं लगेच पटते तुले.”

“हव. तुमी सांगतलं म्हणूनच समजलं.”