झाकण काही निघेना

हसू नका बे, पोरीच्या सोयरिकीचं सांगतो. मी कातारी माणूस, चरकावर लाकूड फिरवून कातणारा. तिच्यासाठी कुंकवाचा लाकडी करंडा कातला, तापल्या सळईनं वेल डागला, मोमिनाबादहून आणलेले मणी बसवले, वरून पाण्यात कालवलेला तांबडा रंग दिला. लई देखणा झालता.

पाव्हणे आले. कुंकू लावायला विहीणबाईंनी करंडा घेतला, तर रंगाच्या पाण्यानं लाकूड फुगलेलं, झाकण हलंना! अपशकुन म्हणतील म्हणून मला घामच फुटला.

त्या हसल्या. "ऱ्हाऊ द्या की!" म्हणत करंड्याच्या ओल्या रंगानं माखलेलं बोटच पोरीच्या कपाळाला टेकवलं. सोयरीक झाली.

उन्हाळ्यात लाकूड वाळून झाकण आपसूक सुटलं. बघतो तर आत कुंकूच न्हाई!

बायको म्हणाली, "मला वाटलं, तुमीच भरलं."