निशाणवाल्याचं नाव

(मंगरूळपीरच्या अलीकडचं एक गाव. कीर्तनकार रंगूबाईंच्या घरातली आतली खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या आहेत. शेजारी त्यांची भाची राखी. पुण्याहून मालिकेचा कर्ता धम्मपाल फोनवर. 'थंड सूर्य' या ऐकायच्या मालिकेच्या शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण चालू आहे.)

रंगूबाई : ...सरका मायबाप, अजून थोडे जवळ सरका. मागच्यायनं पुढं या, पुढच्यायनं मांड्या आवरा. आज अशी कथा सांगतो का अंथरुनावर पडले तरी ते काळं निशान डोळ्यापुढून हलनार नाई. सूर्य थंडा झाला होता. हज्जार पृथ्व्या, अन् एकीवरही सकाळ नाई. त्या अंधारात नववी पलटन उभी. पलटनीच्या माथ्यावर निशान. काळं कापड, मधात सूर्य, पन सूर्याले किरन एक नाई. कायले? तं साम्राज्याचा कायदाच तसा. सूर्यानं कोनाले काही द्याचं नाई, नुसतं पाहाचं. अन् ते निशान ज्याच्या हाती, तो आपला धनसिंग—

धम्मपाल : थांबा. थांबा, रंगूताई. राखी, बंद कर.

राखी : केलं, सर.

धम्मपाल : काल आपलं बोलणं झालं होतं ना? शेवटच्या भागात धनसिंग नाही. निशाणवाल्याला नुसतं 'वाहक चाळीस' म्हणायचं.

रंगूबाई : बोलनं झालं होतं. तू बोलला होता, मी ऐकलं होतं. हो म्हटलं नव्हतं.

राखी : आत्या...

रंगूबाई : आत्या काय? तूच लिहिते हे भाग. तूच सांग त्याले.

राखी : सर, नाव काढलं तर लोक विचारतील. रोज निरोप येतायत. कारंज्याच्या एक फरहतबाई आहेत, शिवणयंत्रावर बसून ऐकतात. त्यांनी लिहिलंय, युद्ध कोणी का जिंकेना, धनसिंगला तेवढं मारू नका.

धम्मपाल : तेच तर! युद्धाचं कोणाला पडलेलंच नाही. 'थंड सूर्य' हे जग मी काय उगीच रचलं? प्रत्येक निशाणाला अर्थ आहे. किरणं का नाहीत, ते ताईंनी झकास सांगितलं. त्या कापडाची किनार का शिवलेली नाही? कारण युद्ध कधी संपतच नाही.

रंगूबाई : ते मले पैल्याच दिवशी खटकलं होतं. म्या राखीले म्हटलं, अवं, एवढं मोठं साम्राज्य, हज्जार पृथ्व्या, अन् निशानाले एक टीप मारनारा शिंपी नाई? आमच्या देवळाचं निशान मुन्ना टेलर दुहेरी शिवते. वाऱ्यानं काठी मोडते, पन किनार नाई उसवत.

धम्मपाल : मुन्ना टेलर साम्राज्याच्या नोकरीत नाही, ताई.

रंगूबाई : नशीब साम्राज्याचं. त्यानं दिवाळीचं कापड होळीले देल्लं असतं.

धम्मपाल : (हसत) ठीक आहे. आता माझं ऐका. वाहक लोखंडी मुखवटा घालतो. मुखवट्यामागं नाव नसतं, हा या जगाचा पहिला नियम. वाहक पडला की त्याच श्वासात मागचा माणूस पुढे येतो, तोच मुखवटा चढवतो, तीच काठी धरतो. निशाण जमिनीला लागत नाही. आणि साम्राज्याचा कायदा काय म्हणतो? निशाण पडलं नाही, तर कोणी मेलं नाही.

रंगूबाई : म्हंजे इकडे मानसं मरून राह्यले, अन् तिकडे दरबारात सांगतेत का समदे जिते हायेत?

धम्मपाल : हो. निशाण उभं आहे ना? मग पलटण पुरी आहे.

रंगूबाई : बाप्पा बाप्पा! लय वंगाळ आहे हे. लय चांगलं रचलं तुनं.

धम्मपाल : मग त्यात धनसिंग आला कुठून? राखी, पाचवा भाग तू लिहिलास. तुझ्या कागदावर तर नाव नव्हतं.

राखी : नव्हतं. आत्याच्या तोंडून आलं. आणि ऐकल्यावर मी ते काढलं नाही. पुढच्या भागांत तर मीच लिहिलं.

धम्मपाल : तोंडून आलं म्हणजे?

रंगूबाई : मी सांगतो. तू कीर्तन ऐकलं कधी?

धम्मपाल : लहानपणी, कारंज्याला. लांबून.

रंगूबाई : लांबून म्हंजे टाळकरी नसतीन दिसले. कीर्तन करनारा पुढं, टाळकरी मागं. कथा रंगात आली का आपला गळा भरते, शब्द अडकते. तवा मागं पाहून हाक माराची असते. मागचा मानूस धृपद उचलते, आपन तेवढ्यात सावरतो. माह्या मागं, थोडा डावीकडे, धनसिंग राहे. तांड्यावरचा. पहाडी आवाज. माहं लगन नवं होतं तवापासून तो टाळ धरून उभा. म्या नुसतं "धनसिंग!" म्हनाव, का त्यानं आभाळ उचलाव.

धम्मपाल : आणि आता?

रंगूबाई : पुसाच्या महिन्यात वारला. तांड्यावरच. मी अथी नव्हती, नांदेडकडे सप्ताह होता. मंग राखीनं मले या गोधड्यायच्या खोलीत बसोलं. मागं मानूस नाई, मृदंग नाई. पाचव्या भागात तो निशानवाला एकटा डोंगर चढते, चौफेर आगीचा पाऊस. माहा गळा भरला. आदतीनं मागं वळली अन् हाक मारली, "धनसिंग!" मागं गोधडी.

राखी : सर, ऐकणाऱ्यांना वाटलं, तिनं वाहकालाच हाक मारली. त्या हाकेवर तो चढून जातो असंच वाटतं ऐकताना.

धम्मपाल : म्हणजे चूकच झाली ती.

रंगूबाई : चूकच. पन बापा, चुकूनही देवाचं नाव तोंडातून निंगालं तरी ते लागू होते म्हनतेत. मानसाच्या नावाले काहून नसन होत?

धम्मपाल : ताई, मी देवाधर्माचं बोलत नाहीये. संध्याकाळपर्यंत भाग गेला पाहिजे. तुम्ही नाव काढणार नसाल, तर मला दुसरा आवाज घ्यावा लागेल. मग जुन्या भागांतूनही ते नाव काढावं लागेल. सगळ्याच.

रंगूबाई : काढशीन? एकडाव तं लोकायनं त्याले सरनावर जाळलं. आता आवाजातूनही काढतं?

धम्मपाल : तुम्ही असं म्हणू नका.

रंगूबाई : मंग कसं म्हनू? तूच सांग, तुह्या कायद्यात बसवून.

राखी : सर, एक मिनिट. बाहेर सोयाबीनचं मशीन सुरू झालंय.

रंगूबाई : असू दे. साम्राज्याची तोफ समज.

राखी : सर, मी दार लोटून आले. आता बोलते. दुसरा आवाज घ्यायचा तर घ्या. पण मग लिहिणारीही दुसरी बघा. धनसिंगला मारायला मी तयार आहे, तो या भागात मरतोच. पुसायला मी तयार नाही.

धम्मपाल : राखी, पुढचं पर्व तुला देणार होतो. पूर्ण.

राखी : माहीत आहे, सर.

रंगूबाई : ए पोरी, डोस्कं फिरलं का तुहं?

राखी : तुह्यावरच गेली ना मी, आत्या.

धम्मपाल : तुम्हा दोघींना कळत कसं नाही? नाव दिलं की माणसं रडतात. रडली की मोकळी होतात. मोकळी झाली की जेवून झोपतात. मला त्यांना मोकळं होऊ द्यायचं नाही! एक मुखवटा पडला, दुसरा चढला, कोणालाच काही वाटलं नाही... त्याची भीती बसली पाहिजे.

रंगूबाई : भेव?

धम्मपाल : भीतीच.

रंगूबाई : भेव बसवाचं काम तं तुह्या साम्राज्याच्या त्या महाधिपतीचं आहे. त्यानं निशान उंच केलं ते त्याच्यासाठीच. तू त्याचं काम काहून करून राह्यला? तो तुले पगार देते का?

धम्मपाल : मला निशाणं शिकवू नका, ताई!

राखी : सर—

धम्मपाल : नाही, ऐकाच. आमच्या घरावर निळा झेंडा आहे. तो काय असतो ते मले सांगू नका. माहा आजा दरसाल तो लावाले स्वतः माळवदावर चढे, म्हातारपणातही. काठी दुसऱ्याच्या हाती देत नव्हता. सारा जन्म त्याले गावात कोनी नावानं हाक मारली नाही. "ए इकडे ये," "ए तिकडे बस." बस. नाव असून बिनानावाचा मेला. तुमाले वाटते मी हा मुखवटा हवेतून आनला? माफ करा. आवाज चढला.

रंगूबाई : चढू दे. आत्ता कुठं तू घरच्या भाषेत बोलला. आज्याचं नाव काय होतं, बापा?

धम्मपाल : ते मालिकेत नको. ते नाव मी कोणाच्या कथेसाठी देणार नाही.

रंगूबाई : नाई घेनार. माह्या पांडुरंगाची आन. मालिकेत नाई, कीर्तनातही नाई. मले सांग. मले एकटीले.

राखी : मी बाहेर जाऊ, सर?

धम्मपाल : नको. बस. ...पुंजाजी.

रंगूबाई : पुंजाजी. नमस्कार बाबा, पुंजाजी. आता तुले जे कराचं ते कर. दुसरा आवाज आन, तिसरा आन. मी नाई रागावनार. पन माह्या तोंडून तो चाळीस नंबर नाई निंगनार. मी कथेत मेलेला मानूस नावाबिगर कधी सोडला नाई. राक्षस मेला तरी त्याचं नाव घेतो आमी.

राखी : सर? आहात ना फोनवर?

धम्मपाल : आहे. मी वेगळाच विचार करतोय. राखी, नियम काय आहे? निशाण पडलं नाही, तर कोणी मेलं नाही.

राखी : हो.

धम्मपाल : मग पडलं तर?

राखी : पडलं तर... तर साम्राज्याला मानावं लागेल. कोणीतरी मेलं म्हणून.

धम्मपाल : आजवर कधी पडलं नाही, कारण मागचा माणूस नेहमी पुढे आला. आज समजा तो आलाच नाही. मुखवटा समोर पडलाय, आणि पलटणीतला कोणीच तो उचलत नाही.

राखी : सर, हे तर बंड झालं!

धम्मपाल : झालंच. नियम माझाच आहे, त्यांनी नुसता उलटा लावला. लिहून काढशील? किती वेळ लागेल?

रंगूबाई : लिहाले कायले बसता? मले समजलं ना. मी सांगतो.

राखी : आत्या, कागदाबिगर?

रंगूबाई : जनमभर कागद पाहून सांगितलं का म्या?

धम्मपाल : एकच अट, ताई. नंतर चमत्कार नको. तो जिवंत होणार नाही. पलटणीचं काय होईल, तेही चांगलं नाही. त्यांना ठाऊक असतं, तरी ते निशाण उचलत नाहीत.

रंगूबाई : मेलेल्याले जित्ता करनारी मी कोन? राखे, कर चालू. अन् दादा, तू फोन नको ठेवू. आज माह्या मागं तूच.

धम्मपाल : मला गाता येत नाही, ताई.

रंगूबाई : नुसता राह्य. तेवढं पुरते.

राखी : चालू केलं. बोल.

रंगूबाई : मायबाप, धनसिंग पडला. डोंगराच्या माथ्यावर, काठी हातात तशीच. मुखवटा गळून गडगडत पलटनीच्या पायापाशी आला. कायदा काय म्हने? उचल, चढव, धर! सरदार बोंबलला, "पुढचा!" कोनी हललं नाई. "पुढचा!" नाई. अख्खी पलटन दगडाची झाली. अन् मंग मायबाप, हज्जार पृथ्व्यायवर जे कधी झालं नव्हतं ते झालं. काठी कलली. काळं कापड खाली आलं, अन् धनसिंगच्या अंगावर चादरीसारखं पसरलं. तो थंडा सूर्य त्याच्या छातीवर. तिकडे दरबारात घंटी वाजली. महाधिपती उठून उभा. "निशान पडलं! कोन मेलं?" वजीर म्हने, "एक नंबर मेला." तं पलटनीतून एक आवाज आला, "नाई!" मंग दुसरा, मंग तिसरा. समोर तोफा वळल्या, त्यायले दिसून राह्यल्या होत्या. तरी कोनी मांग सरलं नाई. त्यायनं मुखवटे काढून फेकले, अन् उघड्या तोंडानं, आभाळ फाटन असं नाव घेतलं— धनसिंग!

धम्मपाल : ...धनसिंग.

राखी : सर, तुमचा आवाज आला त्यात.

धम्मपाल : राहू दे. काढू नको.

रंगूबाई : ...कथा इथं सरली, मायबाप. पलटनीचं काय झालं ते तुमाले माहीत आहे, माह्यानं सांगवत नाई. आता उठसान, दिवे मालवसान, आपापल्या कामाले लागसान. मले काही देऊ नका. एक करा. धनसिंगले ध्यानात ठेवा. मांगच उभा राहे तो, थोडा डावीकडे.