कुमारटुलीला कोण कोण येणार?

कोलकात्यात, धर्मतल्यातल्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात देबोलीना रांगेत उभी होती. मागे एक नवराबायको बोलत होते.

“रविवारी पहाटे कुमारटुलीला? अनोळखी लोकांबरोबर?”

“मूर्तिकारांच्या वस्तीचे फोटो काढायला. चांगला गट आहे.”

“गटात पुरुष किती?”

“अजून पाहिलेत कुठे!”

“आणि हा मातकट कुर्ता कशाला घेतलास?”

“कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून.”

“लपायचंय कुणापासून, शर्बाणी?”

“अहो, मूर्ती घडवणारे बिचकतात.”

“माझा काढलायस कधी एक तरी फोटो?”

“पुष्कळ. तुम्ही झोपलेले असताना.”

“चोरून?”

“जागेपणी असा चेहरा करता. आत्ता आहे ना, तस्सा.”

देबोलीनाला मागे वळून बघायचा फार मोह झाला.

“दाखव बघू.”

“रविवारी आल्यावर.”