पाळण्याची घंटी

माझी बायको सुनंदा हयात होती तेव्हाची गोष्ट. लातूरच्या क्लासनं तिला शिकवायला बोलावलंय ही बातमी चाकूरला आली, तेव्हा मी अंगणात पोरीचे लंगोट वाळत घालत होतो. मग ती रोज लातूरला आणि घर, पोरगी माझ्याकडे. मला तारा जोडायचा नाद. मी पाळण्याला घंटी बसवली. पोरगी हलली की ती स्वयंपाकघरात वाजायची.

भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. पहिल्यांदा घंटी वाजली आणि शेजारच्या शरीफा खाला ओरडत बाहेर पळाल्या. मागोमाग सगळी गल्ली.

"खाला, लेकरू हललंय."

"झूट नको बोलू बेटा! सरकारनं भूकंप कळायचं मशीन देऊन बसवलंय तुला. न्हाईतर बायकोला लातूरला धाडून बाप्या माणूस घरी बसतंय व्हय?"

मी त्यांना आत नेलं, पाळणा हलवून दाखवला. घंटी वाजताच खाला पुन्हा उंबऱ्याबाहेर.

"बरं, लेकराचीच घंटी," त्या तिथूनच म्हणाल्या. "मंग जमीन हलणार न्हाई ना आता? आज घरात झोपू का? खरं सांग."

त्यांची खाट अंगणातच राहिली.